नामीबाईच्या हातची चव

नामीबाई भोपी स्वयंपाक करताना कधी चव घेत नसे. आमटीत मीठ बरोबर पडलंय की नाही ते ती वासावरून सांगायची, भात शिजला का ते झाकणाच्या आवाजावरून, आणि वड्याचं पीठ जमलं का ते दोन बोटांत धरून. देवाच्या आधी आपण जिभेला लावायचं नाही, असं तिला तिच्या आईनं शिकवलेलं आणि आईला तिच्या आईनं. पळस्प्याजवळच्या वावळोली या आगऱ्यांच्या गावात सगळ्याच बायका हे पाळायच्या. घरातलं पातेलं असो नाहीतर लग्नातला टोप असो, आधी पानावर देवीचं काढायचं. पान देवीपुढं ठेवून झालं की चूल मांडणारीनं एक घास तोंडात घालायचा, मान हलवायची, आणि मग पंगत बसवायची. काही कमीजास्त झालं असेल, काही आंबलंबिंबलं असेल, तर त्या घासाला कळायचं. पण असं कोणी बोलून दाखवत नसे. रीत आहे म्हणून करायचं, संपलं.

आणि चूल मांडावी तर नामीबाईनंच. गावात लग्न ठरलं की पहिली सुपारी गावदेवीला आणि दुसरी नामीबाईला, असा शिरस्ता पडला होता. गावचे वडीलधारे काशिराम स्वतः ती सुपारी घेऊन यायचे, ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "नामे, पोरीचं लगीन हाय. तू नाय म्हनू नको." ती कशाला नाही म्हणते? हळदीच्या आदल्या दिवसापासून तिचा पदर खोचलेला. शेजारी धर्मीबाई तांदळाच्या भाकऱ्या थापायला, पलीकडे चार जणी वाल सोलायला, आणि मध्ये ही पाटावर बसून नुसत्या डोळ्यांनी सगळ्यांना हलवायची. तिच्या वालाच्या बिरड्याची उरणपर्यंत चर्चा. वऱ्हाडी नवरीचं तोंड विसरून जायचे, पण बिरडं विसरायचे नाहीत.

तिला एकच पोरगी, दिपिका. नवरा बुधाजी पोरगी पाच वर्षांची असताना गेला. तेव्हापासून नामीबाईचं एकच बोलणं, "माझ्या दिपीच्या लग्नात चूल मीच मांडनार." बायका हसायच्या. नवरीच्या आईनं लग्नाच्या दिवशी चुलीपुढं बसायचं असतं का गो? तिनं शालू नेसून मिरवायचं असतं. नामीबाई म्हणायची, "तुमी मिरवा. मी माझ्या पोरीच्या वऱ्हाडाला वाडनार." आयुष्यात तिनं देवाकडं दुसरं काही मागितलं असेल असं वाटत नाही.

एक्याण्णव साली गोवा रस्त्याच्या अंगाला नंदनबाग आली. पाण्याच्या घसरगुंड्या, लाटांचा तलाव, आकाशपाळणा, भुताचा बोगदा. गावानं नाक मुरडलं, पण जमिनी दिल्या. ज्याची जमीन गेली त्याच्या घरातल्या एकाला बागेत काम, असं ठरलं होतं. नामीबाईचा अर्धा एकर तुकडा त्यात गेला. त्याच्या बांधावर गावदेवीचं ठाणं होतं, शेंदूर लावलेला एक दगड आणि वर पळसाचं झाड. नामीबाईनं सही करायच्या आधी बागेच्या मालकांना, शेटजींना, बजावलं, "देवी हलवायची नाय." शेटजी मुंबईचे, पण जुन्या वळणाचे. त्यांनी कुंपणाची भिंत वाकडी घेतली आणि देवी भिंतीच्या आत, मोठ्या घसरगुंडीच्या मागं जिथल्या तिथं राहिली.

पहिलं दीड वर्ष, खरं सांगायचं तर, नामीबाईच्या जन्माचं सोनं झालं. शेटजींनी तिला विचारलं, "बाई, मुंबईच्या लोकांना पावभाजी काय कुठंही मिळते. इथं काय खायला घालाल?" ही म्हणाली, भाकरी आणि बिरडं. ताट ठरलं: दोन भाकऱ्या, बिरडं, कांद्याची कोशिंबीर, उडदाचा पापड, भात आणि वाटीभर सोलकढी. किंमत पंधरा रुपये, आणि भात लागेल तेवढा. माणसं चार-चार तास पाण्यात डुंबून यायची. टॉवेल गुंडाळलेली, बोटांना सुरकुत्या पडलेली, पोरांचे ओठ निळे. पाण्यातून निघालेल्या माणसाची भूक वेगळीच असते, ती जेवणाला नावं ठेवत नाही, पण चांगलं मिळालं तर डोळ्यांत दिसतं. नामीबाई खिडकीतून ते बघत उभी राहायची. एकदा पुण्याच्या एक बाई ओल्या केसांनीच स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि वाल कसे सोलता ते विचारत अर्धा तास बसल्या. त्यांची पोरं बाहेर हाका मारून दमली.

रोज सकाळी पहिलं पान देवीला जायचं. नामीबाई ते घेऊन घसरगुंडीच्या मागं जायची, हात जोडायची, परत येऊन एक घास खायची, आणि मग खिडकी उघडायची. येणारे-जाणारेही कधी थांबून नमस्कार करायचे. कोणाला त्यात काही खटकलं नाही.

मग शेटजी थकले, बाग त्यांच्या पुतण्याकडे गेली, आणि पुतण्यानं एक मॅनेजर आणून बसवला. कृष्णकांत त्याचं नाव. ठाण्याचा, शिकलेला, बोलायला गोड. माणूस मुळात वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. त्याला वरून आकडे दिले जायचे आणि तो ते खाली ढकलायचा. पण खाली माणसं असतात, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

आधी दारावर पाटी लागली, बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास मनाई आहे. पिशव्या तपासायला दोन माणसं उभी राहिली. डोंबिवलीहून, पुण्याहून माणसं पहाटे उठून थालीपिठं, पुऱ्या, दह्याचे डबे बांधून आणायची. ते सगळं दारात काढून एका पिंपात टाकायचं. दुपारपर्यंत पिंप भरायचं आणि संध्याकाळी ते कुत्र्यांपुढं रिकामं व्हायचं. एक म्हातारे गृहस्थ दशम्यांचा डबा छातीशी धरून उभे होते, साखरेचा आजार आहे, बाहेरचं चालत नाही म्हणून सांगत होते. डबा गेलाच. नामीबाईनं हे लांबून पाहिलं आणि तिला कसंतरीच झालं. अन्न दारात अडवायचं? त्यांच्या गावात दारात आलेल्या वैऱ्यालासुद्धा आधी पाणी आणि मग कारण विचारायची पद्धत.

बाहेरचं बंद झालं की आतल्याला मोल चढतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ताट बंद झालं. वडे, सामोसे, पावभाजी सुरू झाली. पळस्प्याच्या नाक्यावर दीड रुपयाला मिळणारा वडापाव आत आठ रुपयांना, आणि वडा असा की पावात शोधावा लागायचा. सोलकढीच्या जागी रंगीत पाणी. तेल तीन-तीन दिवस तेच, काळं होईस्तोवर. उकडलेले बटाटे उरले की दुसऱ्या दिवशी. किसलेलं खोबरं आदल्या संध्याकाळीच गोणीतून यायचं आणि डीप फ्रीजमध्ये पडायचं, आणि बाग बंद झाली की विजेचं बिल वाचवायला डीप फ्रीज बंद. नाव नंदनबाग, आणि पोटाला असलं.

नामीबाईनं दोनदा सांगून पाहिलं. कृष्णकांत हसून म्हणाला, "नामीबाई, लोक इथं जेवायला येतात का? लोक पाण्यात खेळायला येतात. भूक लागली की काहीही गोड लागतं."

"म्हनून कायपन द्यायचं, सायेब?"

"काहीही नाही हो. वडा आहे, पाव आहे. कोणी तक्रार केलीय का?"

कोणी केली नव्हती. ओल्या अंगानं, रडणारं पोर कडेवर घेऊन माणूस तक्रार करायला थांबतो थोडाच? पैसे टाकतो, खातो आणि पुढच्या खेपेला नको म्हणतो.

त्यानंतर महिन्याभरात पानावर गदा आली. रोज एक प्लेट घसरगुंडीमागं जाते, कावळे खातात, पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नाही, असं कृष्णकांतचं म्हणणं. "आपण असं करू," तो म्हणाला, "महिन्यातून एकदा कंपनीच्या खर्चानं देवीला नारळ फोडू. तुमचीही श्रद्धा राहील, माझंही काम होईल." नामीबाई दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी तिनं पान लपवून नेलं, तर सगळ्यांदेखत त्यानं ते तिच्या हातातून काढून घेतलं. मग तिनं पान न्यायचं सोडलं.

आणि पान सोडलं तशी चव घ्यायचंही सोडलं. देवीला न दाखवता आपण कसं खायचं? हा विचार तिनं मुद्दाम केला नाही, तो आपोआपच झाला. अर्धी रीत मॅनेजरनं मोडली आणि उरलेली अर्धी ती इमानेइतबारे पाळत राहिली. दीड वर्ष ती टोपच्या टोप रांधत होती आणि त्यातला एक कणसुद्धा तिच्या जिभेला लागला नाही. डबा घरून आणायची. मनाची समजूत अशी घातली होती, की हे अन्न नाय, हा माल हाय. देवीला कशाला दावायचा?

तुम्ही विचाराल, मग नोकरी का नाही सोडली. दिपिका पनवेलला बारावी करत होती, घरात दुसरं कमावणारं नव्हतं, हे एक. पण तिच्या मनात शिरून बघाल तर दुसरंही होतं. लग्नसराई वर्षातून चार महिने. उरलेले आठ महिने दोन माणसांच्या पातेलीत तिचा जीव रमत नव्हता. तिला मोठी भांडी लागायची, मोठा जाळ लागायचा, खाणाऱ्यांची गर्दी लागायची. आणि गावातले कौतुकानं म्हणायचे, नामी पार्कात कूक हाय. ते ऐकायला तिला आवडायचं. आवडावं, त्यात काय पाप आहे?

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. स्वयंपाकघराला लागूनच तलावाच्या पाण्यात टाकायच्या पावडरीची पिंपं ठेवलेली. पहिल्या पहिल्यांदा त्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी यायचं, पुढं सवय झाली. घरी एकदा दूध करपून पातेलं काळं झालं तरी तिला वास आला नाही. दिपिका म्हणाली, "आये, नाक गेलं की काय तुझं?" दोघी हसल्या.

चौऱ्याण्णवच्या चैत्रात बागेचा वाढदिवस होता. त्या दिवशी गावच्या शाळेला फुकट प्रवेश आणि फुकट खाणं, ही शेटजींच्या वेळची पद्धत पुतण्यानं ठेवली होती. बेचाळीस पोरं आली, नवे कपडे, तेल लावलेले केस. नामीबाईच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. तिला बिरडं करायचं होतं. कृष्णकांत म्हणाला, वडा आणि चटणी, प्रत्येकी दोन. तर निदान तेल नवं द्या, म्हणून ती अडून बसली, आणि तेल मिळवलं. बटाटे सकाळी स्वतः उकडले. वडे असे सोनेरी उतरले की स्वयंपाकघरातली बाकीची माणसं बघायला आली. गावची पोरं आहेत, सगळं आपल्या हातानं व्हायला हवं, म्हणून चटणीही तिनंच वाटली. खोबरं आदल्या संध्याकाळचं होतं आणि त्या रात्रीही डीप फ्रीज बंद होता. लसूण आणि हिरवी मिरची भरपूर घातली. दिसायला चटणी हिरवीगार, पोपटी.

वाटून झाल्यावर बोटाला लागलेली चटणी तिनं तोंडाकडं नेली होती. ओठापर्यंत बोट गेलं, आणि मग तिला आठवलं, देवीला गेलेलं नाही. क्षणभर वाटलं, आज आपल्या पोरांचं जेवण आहे, आज पान न्यावं. पण कृष्णकांत काउंटरवर उभा, बाहेर बेचाळीस पोरं ताटं वाजवत ओरडत होती. उद्या देईन, असं मनात म्हणून तिनं बोट अ‍ॅप्रनला पुसलं आणि परात उचलली.

तिनं स्वतः वाढलं. प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवत वाढलं. धर्मीबाईची नात रेश्मा, नऊ वर्षांची, खाण्याची भारी हौस. "मावशे, अजून चटनी," म्हणून तिनं तीनदा मागितली आणि नामीबाईनं तीनदा वाढली. कोणी मागावं आणि आपण वाढावं, यापरतं दुसरं सुख तिला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी गावात पहिलं पोर ओकलं. मग दुसरं. दिवेलागणीपर्यंत आळीच्या आळी अंगणात आली. दोन टेम्पो करून पोरांना पनवेलला हलवलं. नामीबाई एका टेम्पोत चढायला गेली तर कोणीतरी म्हणालं, जागा नाय. जागा होती.

देवीच्या कृपेनं पोरं वाचली. बहुतेक दोन दिवसांत घरी आली. रेश्मा मात्र नऊ दिवस दवाखान्यात पडून होती, नुसती हाडं उरली पोरीची. चौकशीला सरकारी साहेब आले. चटणीवरून झालं हे लवकरच निघालं. साहेबांनी नामीबाईला विचारलं, "पाठवण्याआधी चव बघितली होती का?"

खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. "नाय," ती म्हणाली. "देवीला दावलं नव्हतं, म्हनून नाय चाखलं."

साहेबांना काही कळलं नाही, पण कृष्णकांतला जेवढं हवं तेवढं कळलं. "बघा साहेब," तो म्हणाला, "स्वयंपाकीण चव न बघता अन्न देते. आम्ही किती लक्ष ठेवणार?" डीप फ्रीजचं नाव कोणी काढलं नाही. बाग चार दिवस बंद राहिली, नामीबाई कायमची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. पण नामीबाई स्वतःला संन्यासी समजत नव्हती, तिच्या दुखण्याचं मूळ तिथंच होतं.

चौकशीनंतर तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. धर्मीबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. वीस वर्षं दोघींनी एका चुलीपुढं घाम गाळलेला, एकीनं हात पुढं केला की दुसरीनं न सांगता मीठ द्यावं अशी जोडी. नामीबाई खाली, फरशीवर बसली.

"पोरगी कशी हाय?"

"हाय," धर्मीबाई म्हणाली. तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "चटनी नासली, ती माझ्या घरातपन नासते. त्याचं मना काय नाय. पन नामे, देवीला दावलंस नाय, तू चाखलंस नाय, आनि आमच्या पोरांना वाडलंस?"

"तिथं पान नेऊ देत नव्हते गो."

"मंग वाडायचं नव्हतंस."

धर्मीबाई रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती थकलेल्या आवाजात बोलली, आणि मग शेवटचं जे बोलली ते नामीबाईला जन्मभर पुरलं. "लोकांच्या पोरांना दीड वर्स असंच वाडत होतीस ना? तीपन पोरंच व्हती."

त्यानंतर गावात कोणी तिला वाकडा शब्द बोललं नाही. आगरी माणसाचा राग समोर येतो, दोन शिव्या देतो आणि निवतो. हा तसला राग नव्हताच. बायका हाक मारायच्या, विचारपूस करायच्या, हळदीला बोलावणंही यायचं. फक्त सुपारी येईना. त्या वर्षी गावात सहा लग्नं झाली. प्रत्येक वेळी ती काशिरामांची वाट बघत ओट्यावर बसली, आणि काशिराम पलीकडच्या गल्लीतून गेले. एका हळदीत तिनं सवयीनं पळी उचलली, तर कोणीतरी हलकेच ती तिच्या हातातून काढून घेतली. "बस गो जरा, दमली असशील." ती बसली.

घरात दिपिका होती म्हणून दिवस निघाले. पोरगी भांडखोर, आईवर गेलेली. "तुझी काय चूक, आये? बंद फ्रीजात खोबरं त्यांनी ठेवलं." रोज आईच्या हातचं पोटभर जेवायची, बोटं चाटायची. नामीबाई पुन्हा पान काढायला लागली होती. देवीकडं जायला आता बागेचं दार आडवं होतं, म्हणून भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, पळसाची फांदी जिथं बाहेर येते तिथं पान ठेवायची. परत येऊन घास घ्यायची आणि मग पोरीला वाढायची. नाकानं साथ सोडली होती, पण जीभ शाबूत होती.

पुढच्या वर्षी दिपिकाचं लग्न ठरलं. मुलगा करंज्याकडचा, धनेश, बंदरात कामाला, घर चांगलं. काशिराम ठरवाठरवीला आले. मांडवाचं झालं, वाजंत्रीला बेंजोचं झालं, सगळं बोलून झालं. मग ते तपकिरीची डबी उघडझाप करू लागले.

"चुलीचं काय करायचं, नामे?"

तिला कळलं होतं, तरी ती म्हणाली, "मी हाय की."

काशिराम जमिनीकडं बघत म्हणाले, "बायका येनार नायत. मी सगल्यांना इचारून आलो. तू चुलीपुढं नसशील तं येतील. नायतर पनवेलहून केटरर आनू, पैशे गाव देईल."

बाहेर दिपिका दोरीवर कपडे वाळत घालत होती. गावच्या बायकांनी पाठ फिरवली आणि भाड्याच्या माणसांनी रांधलं, तर करंज्याची माणसं काय समजतील, हे नामीबाईच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. इतक्या वर्षांची तिची इच्छा एकीकडं आणि पोरीची अब्रू दुसरीकडं. तिनं फार विचार केला नाही. "केटरर नको," ती म्हणाली. "धर्मीला सुपारी द्या. आनि तिला सांगा, वाल आदल्या राती भिजवून चालत नाय, दोन दिस लागतात." आणि मग चहा टाकायच्या निमित्तानं ती आत गेली आणि पदरात तोंड खुपसून रडली. रडली म्हणजे अगदी हुंदके आवरेनात अशी.

लग्नाच्या दिवशी तिनं शालू नेसला आणि मिरवली. मांडवामागून धूर येत होता, भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, आणि ती वऱ्हाडणींना हळदकुंकू लावत होती. देवीला पान गेलं. धर्मीबाईनं घास घेतला, मान हलवली. पंगत बसली. जेवण छान झालं होतं, सगळे म्हणाले. नामीबाईही म्हणाली.

पण तिनं एक केलं होतं. त्या पहाटे घराच्या मागच्या छोट्या चुलीवर तिनं वाटीभर बिरडं रांधलं होतं, एकट्या दिपीपुरतं. पान नेऊन ठेवलं, परत येऊन चाखलं, एकदा नाही, तीनदा. त्यांच्याकडं पोरगी निघताना आई आपल्या हातानं तिला शेवटचा घास भरवते. सगळ्यांच्या देखत भरवते, तीच रीत. वऱ्हाडाचं जाऊ दे, हा एक घास तरी आपला, एवढं तिनं मनाशी धरलं होतं.

गाडी फुलांनी सजवून उभी. दिपिका रडून डोळे सुजवून बसलेली, शेजारी तिची सासू, मागं करंज्याच्या बायका. नामीबाईनं वाटी उघडली, भातात बिरडं कालवलं आणि घास पुढं केला. मागच्या बायकांत कुजबुज झाली. "हीच ना ती, पार्कातली?" आवाज हळू होता, पण नामीबाईला ऐकू आला, म्हणजे दिपिकालाही आलाच. सासू नुसती नवीन सुनेकडं बघत राहिली.

दिपिकानं घासाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि मग सासूकडं. "आये," ती म्हणाली, "पोट भरलंय गं माझं."

सकाळपासून पोरीनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. ते नामीबाईइतकं कोणाला ठाऊक असणार?

"बरं, बाय," नामीबाई म्हणाली. "गाडी लागते तुला, नकोच." तिनं हात मागं घेतला, डाव्या हातानं पोरीच्या डोक्यावरून कुरवाळलं आणि बाजूला सरली. पोरीवर राग तिनं धरला नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही कधी नाही. सासरी नांदायचं होतं तिला. आपण पोरीच्या जागी असतो तर आपणही असंच म्हटलं असतं, हे तिला कळत होतं. कळून काय होतं? दुखायचं ते दुखतंच.

गाडी पळस्प्याच्या रस्त्याला लागली. मांडवात बायका टोप घासायला बसल्या. नामीबाई घराच्या मागं गेली, चुलीपाशी टेकली आणि वाटी पुढ्यात ओढली. बिरडं गार झालं होतं. मीठ, गूळ, कोकम, सगळं जिथल्या तिथं होतं. तिनं ते एकटीनं बसून खाल्लं, वाटी पुसून खाल्ली, आणि मग शालू खोचून धर्मीबाईबरोबर टोप घासायला गेली.